रॅप्टर, आरएचओ की साधीच पिकअप? ॲरिझोनात राहणाऱ्याला सल्ला हवा आहे

चांदावाला

नमस्कार मंडळी.

नवी पिकअप घ्यायची आहे, फोर्डची रॅप्टर नाहीतर रॅमची आरएचओ. दोन महिने वाचतोय, व्हिडिओ बघतोय, आणि आता डोकं चालेनासं झालंय. लांब लिहितोय, कारण माहिती अर्धवट दिली तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

मी मूळचा चंद्रपूरचा. वडील वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स), दुर्गापूरच्या खाणीवर होते. मीही खाणीतच शिरलो, फक्त कोळशाऐवजी तांब्याच्या. अकरा वर्षं झाली ॲरिझोनात. ट्यूसनच्या आग्नेयेला वेलमध्ये घर आहे. कामावर कंपनीची गाडी मिळते, त्यामुळे खाणीत न्यायला गाडी नको. माझी गाडी घरची.

सध्या २०१३ची फोर्ड एफ-१५० पिकअप आहे, ३.५ लिटर इकोबूस्ट. १ लाख ६८ हजार मैल झालेत. गाडीने कधी धोका दिलेला नाही. पण आमचे शनिवार-रविवार कच्च्या रस्त्यांवर जातात आणि तिथे आता माझी पाठ साथ देत नाही. मला आणि मुलांना दगड गोळा करायचा नाद आहे: अझुराइट, मॅलकाइट, क्रायसोकोला, जे मिळेल ते. त्यासाठी रेडिंग्टन पास ओलांडून सॅन पेद्रो नदीच्या खोऱ्यात उतरतो, कधी रूबी रोडने अरिवाकाच्या बाजूला जातो, वर्षातून एकदा आहो गावाच्या बाजूला. हे रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. पन्हाळी पत्रा आडवा टाकल्यासारख्या मैलोनमैल लाटा असतात. ताशी १५ मैलांनी गेलं तर दात वाजतात, ४०नी गेलं तर मागचा भाग बाजूला सरकतो. मध्येच कोरडा ओढा येतो, त्यात खोल मऊ वाळू. पावसाळ्यात त्याच ओढ्यात दहा मिनिटांत पाणी चढतं. (इथे बॅरिकेड ओलांडून पाण्यात गाडी घातली तर सुटकेचा खर्च वाहनचालकाकडून वसूल करायचा कायदाच आहे, १९९५पासून. मी एकदाही घातलेली नाही, घालणारही नाही.)

मित्राच्या रॅप्टरमधून (एफ-१५०चीच, वाळवंटात वेगाने पळायला बांधलेली) याच रस्त्याने एकदा गेलो. त्या लाटांवर तो ५०नी चालला होता आणि धाकटी मागे झोपली होती. तेव्हापासून दुसरी गाडी मनात येत नाही.

आता बाकीचं चित्र सांगतो.

घरी मी, बायको, थोरला १३ वर्षांचा, धाकटी ९ वर्षांची. आई ऑक्टोबर ते मार्च आमच्याकडे असते. ती ७१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी नागपूरला तिचा डावा गुडघा बदलला. ती दगड गोळा करायला आमच्याबरोबर येते, खुर्ची टाकून बसते आणि आम्ही आणलेल्यातले टाकाऊ बाजूला काढते. तिला गाडीत चढता आलं नाही तर ती गाडी माझ्या कामाची नाही.

एक ट्रॅव्हल ट्रेलर आहे, २२ फुटी. सामान भरल्यावर साधारण ५,५०० पौंड होतो. वर्षातून सहा-सात वेळा ओढतो. चिरिकावाला दोनदा, व्हाइट माउंटन्सला एकदा, बाकी जवळपास.

गॅरेज आतून २० फूट खोल आहे. दरवाजा १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच. वॉटर हीटर मागच्या भिंतीला आहे, पण कोपऱ्यात.

पैसे: सगळं धरून ८५ हजार डॉलर. त्यापुढे नाही. त्यामुळे रॅप्टर आर आपोआप बाद. ७२० अश्वशक्तीचा सुपरचार्जर असलेला व्ही-८ ऐकायला छान वाटतो, पण ती लाखाच्या वर आहे आणि शहरात गॅलनला १० मैल देते. रॅमची जुनी टीआरएक्स (२०२१ ते २०२४ या काळातली, ७०२ अश्वशक्तीची) चांगल्या स्थितीत मिळते, पण तहान तीच.

उरल्या दोन. रॅप्टर: ३.५ लिटर ट्विन टर्बो व्ही-६, ४५० अश्वशक्ती, ५१० टॉर्क, दहा गिअर, फॉक्सचे लाइव्ह व्हॉल्व्ह शॉक. आणि रॅमची आरएचओ: ३ लिटरचा ट्विन टर्बो, एका रांगेत सहा सिलिंडर, ५४० अश्वशक्ती, ५२१ टॉर्क, आठ गिअर. आरएचओ आली तेव्हा किंमत ७० हजारांच्या किंचित आत सुरू होत होती, रॅप्टर त्यापेक्षा आठ-दहा हजारांनी महाग.

माझा कल रॅप्टरकडे आहे, तीही ३७ इंची टायरची. विचारायचंय ते एवढंच: ३५ की ३७? आरएचओची ९० अश्वशक्ती जास्त आहे, ती रोज जाणवते का? आणि ज्यांनी यातली कुठलीही वापरली आहे त्यांचा खरा अनुभव काय?

---

धुळवाट

चांदावाला भाऊ, सात वर्षं २०१८ची रॅप्टर चालवली, गेल्या वर्षी विकली आणि नवी ३५ इंची घेतली. राहतो सॅन डिएगोत. हिवाळ्यात महिन्यातून दोनदा वाळवंटात असतो, ओकोटियो वेल्स, अन्झा बोरेगो, कधी ग्लॅमिसच्या टेकड्या. तेव्हा जे सांगतो ते वापरून सांगतो.

आधी ३७चं. तुमच्या कामाला घेऊ नका. लोकांना वाटतं टायर मोठा म्हणजे गाडी सगळ्यातच वरचढ. जमिनीपासूनची उंची वाढते हे खरं, १२ इंचांची १३.१ होते. पण चाकाला वरखाली जायला जागा कमी होते. ३५वर पुढे १४ आणि मागे १५ इंचांचा प्रवास आहे, ३७वर पुढे १३ आणि मागे १४.१. तुम्हाला पन्हाळी रस्ता आणि वाळूचा ओढा पार करायचाय, मोठमोठ्या खडकांवर चढायचं नाही. तिथे चाकाचा प्रवास कामाला येतो. शिवाय आई. एक इंच म्हणजे बदललेल्या गुडघ्याला फार असतं, माझ्या सासूबाईंना मी रोज बघतो.

त्या रस्त्यावर रॅप्टर इतकी शांत का चालते ते कळलं की निवड सोपी होते. त्या शॉकमधले व्हॉल्व्ह विजेवर चालतात आणि खालचा रस्ता बघून सेकंदाला शेकडो वेळा तेलाची वाट कमी-जास्त करतात. गाडी हवेत गेली तर ते घट्ट होतात, लाटांवर सैल. आणि मागे पाटे नाहीत. २०२१पासून रॅप्टरला मागे कॉइल स्प्रिंग आणि पाच दांड्या आहेत. माझ्या २०१८ला पाटे होते. दोन्हीतला फरक रेडिंग्टनसारख्या रस्त्यावर पहिल्या मैलात कळतो. जुनी मागून नाचायची, नवी नाचत नाही.

टायरमधली हवा मात्र काढायला शिका. रस्त्यावर ३८-४० पीएसआय असते, लाटांवर मी २५वर येतो, वाळूत १८-२०वर. निम्मा आराम शॉकचा, निम्मा टायरचा. परत भरायला चांगला कंप्रेसर घ्या, बॅटरीला जोडायचा. सिगारेट लायटरला लागतात ते ३५ इंची टायर भरता भरता तापून बंद पडतात.

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते सांगतो: रुंदी. ही गाडी आरसे सोडून सव्वासात फुटांच्या आसपास आहे. जाळीत त्या तीन पिवळ्या दिव्यांचं कारण शोभा नाही. अमेरिकेत ८० इंच किंवा त्याहून रुंद गाडीला ते कायद्यानेच लावावे लागतात. आरएचओही तशीच, ८८ इंच. तुमच्याकडे मेस्कीट आणि कॅटक्लॉची झुडपं रस्त्यात घुसलेली असतात, पहिल्या महिन्यातच दोन्ही बाजूंना ओरखडे येणार. ॲरिझोनात त्याला पिनस्ट्राइप म्हणतात ना, तेच. ते आले की वाईट वाटून घेऊ नका. आणि रुळांवरून जाणाऱ्या यांत्रिक कारवॉशला जायचं नाही, हाताने धुवायची.

गॅरेजमध्ये मावेल. रॅप्टर साधारण १९ फूट ४ इंच लांब आणि पावणेसात फुटांच्या आत उंच आहे. पण २० फुटांच्या गॅरेजमध्ये शिल्लक राहतात ७ इंच. मी मागच्या भिंतीवरून दोरीला टेनिसचा चेंडू टांगलाय, तो काचेला लागला की थांबायचं. तुमचा वॉटर हीटर कोपऱ्यात आहे ते नशीब.

५४०चं म्हणाल तर जाणवते. दोन टर्बोंची सरळ सहा सिलिंडरची इंजिनं फार गुळगुळीत चालतात. मित्राची आरएचओ चालवली, महामार्गावर पुढे जाताना पायाखाली नुसती ओढ आहे. पण तुमच्या रस्त्यावर ४५०चीही गरज पडत नाही. तिथे काम शॉकचं असतं.

पेट्रोलचं लक्षात ठेवा. आरएचओच्या इंजिनाला ९१ ऑक्टेनचं प्रीमियम लागतं. रॅप्टरला प्रीमियमने जोर चांगला येतो, पण ८७ही चालतं. आडगावच्या पंपावर हे बरं पडतं. टाकी ३६ गॅलनची. मला वाळवंट आणि शहर मिळून गॅलनला १३-१४ मैल पडतात. टायरचा संच ४० हजार मैलांच्या आधीच संपतो आणि तो स्वस्त नसतो.

शेवटी भावाचं. २०२२मध्ये इथल्या एका डीलरने खिडकीवरच्या (कंपनीने छापलेल्या) किमतीवर २० हजारांचं वेगळं स्टिकर चिकटवलं होतं. मी तसाच निघालो. आता तशी स्थिती नाही. लहान गावातल्या डीलरला फोन करा, लेखी भाव मागा, आणि खिडकीवरच्या किमतीच्या वर एक डॉलर देऊ नका.

---

मिसळताई

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. अश्वशक्ती सांगितली, टॉर्क सांगितला, गॅरेजची खोलीसुद्धा सांगितली. पेलोड, म्हणजे गाडी अंगावर किती वजन पेलते ते, कुठे आहे?

मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहते, मूळची कोल्हापूरची. शनिवार-रविवार मिसळ आणि वडापावचा ट्रेलर लावते, १६ फुटी, भरलेला ७,००० पौंडांच्या आसपास. म्हणजे आठवड्यातून दोनदा वजन ओढणं हाच माझा धंदा आहे. त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही म्हणाल, रॅप्टर ८,२०० पौंड ओढते आणि माझा ट्रेलर ५,५००चा आहे, मग काय प्रश्न? प्रश्न ओढण्याचा नाही, अंगावर घेण्याचा आहे. ट्रेलरच्या जिभेचं (गाडीला जोडायच्या पुढच्या टोकाचं) वजन गाडीच्या मागच्या चाकांवर येतं आणि ते पेलोडमध्ये धरायचं असतं. जीभ एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवी. मी १३ धरते.

मांडू या. ५,५००चे १३ टक्के म्हणजे ७१५ पौंड. तुम्ही पाच जण, त्यात दोन मुलं, धरू ६२०. वजन वाटणारा हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) ८० पौंडांचा. मागे कूलर, जनरेटर, पाणी, लाकडं, आईंची खुर्ची, २००. बेरीज १,६१५.

रॅप्टरचा जास्तीत जास्त पेलोड १,४०० पौंड, तोही ३५ इंची टायरवर. ३७वर त्याहून कमी. आरएचओचा जास्तीत जास्त १,५२०. आणि हे आकडे कमीत कमी सामान लावलेल्या गाडीचे असतात. सनरूफ घेतलं, मागे झाकण लावलं, पायऱ्या लावल्या की तेवढं त्यातून वजा. अजून तुमचा एकही दगड मी धरलेला नाही.

धुळवाट दादा सांगतात ते मऊ स्प्रिंग, चाकाचा लांब प्रवास, सगळं खरं आहे. आणि त्याचमुळे पेलोड कमी आहे. स्प्रिंग मऊ ठेवली की ती खड्डा गिळते, पण वजन टाकलं की बसते. दोन्ही एकाच गाडीत मिळत नाही. साध्या एफ-१५०त जास्त वजन उचलणारी निघते, कारण तिचे मागचे पाटे कडक असतात. तुमची पाठ त्यांनाच कंटाळली आहे.

पहिल्या वर्षी मी अर्ध्या टनाच्या (एफ-१५०च्या वर्गातल्या) पिकअपने ट्रेलर ओढायचे. पाण्याची टाकी आणि तेलाचे डबे मी मागच्या बाजूला ठेवले होते, जीभ हलकी पडली. आय-१० वर ६५च्या वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागला. बाजूच्या लेनमधल्या गाडीत एक कुटुंब होतं, मागच्या सीटवर लहान मूल दिसत होतं. मी ब्रेक पेडलला हात लावला नाही, म्हणजे पाय लावला नाही, ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबले आणि ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला. ट्रेलर सरळ झाला. पुढच्या एक्झिटला थांबले आणि अर्धा तास गाडीतून उतरता आलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकी पुढे घेतली, सगळं तोललं. त्याच वर्षी पाऊण टनाची, म्हणजे त्याच्या वरच्या वर्गातली डिझेल घेतली.

करायचं काय ते सांगते. एक, डीलरकडे गेलात की बोनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर पिवळ्या पट्टीचा कागद असतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको. तो आकडा त्याच गाडीचा असतो, माहितीपत्रकातला नाही. फोटो काढा. दोन, तुमची सध्याची गाडी ट्रेलर लावून, सगळ्यांना बसवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वजनकाट्यावर) न्या. थोड्या पैशांत पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचा आस वेगवेगळा छापून मिळतो. अंदाजावर ८५ हजार घालू नका.

---

दिंडोरीकर

दादा-ताई, मी द्राक्षवाला, अमेरिकेतलं काही कळत नाही. पण १,४०० पौंड म्हणजे ६३५ किलोच ना? माझ्याकडे बोलेरो पिकअप आहे, १.७ टनांची. ७५ अश्वशक्तीचं डिझेल. द्राक्षाचे क्रेट भरून नाशिक मार्केटला रोज जाते. साडेचारशे अश्वशक्तीची गाडी तिच्या निम्मंही का उचलत नाही? खरंच समजून घ्यायचंय.

---

मिसळताई

दिंडोरीकर दादा, तुमची बोलेरो वजन उचलायला बांधली आहे. रिकामी असली की खड्ड्यात उडते ना? तेच. ही गाडी वाळवंटात वेगाने पळायला बांधलीय. इंजिनाच्या ताकदीचा आणि वजन पेलण्याचा फार थोडा संबंध असतो. वजन पेलतात ते पाटे, आस, टायर आणि चेसिस.

---

दिंडोरीकर

समजलं ताई. उडते, बरोबर. म्हणून आम्ही रिकामी असताना मागे दोन गोण्या वाळू टाकतो.

---

वऱ्हाडी_फिनिक्स

चांदावाला, गाववाले! थोडक्यात दोन गोष्टी.

कर्ज काढणार असाल तर २०२५च्या नव्या कायद्यात गाडीच्या कर्जाचं व्याज वर्षाला १० हजार डॉलरपर्यंत करातून वजा होतं, २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी. गाडी नवी हवी, तिची शेवटची जोडणी अमेरिकेत झालेली हवी, आणि उत्पन्न एकट्याचं १ लाख किंवा जोडप्याचं २ लाखांच्या वर गेलं की सवलत कमी होत जाते. रॅप्टर डिअरबॉर्नला बनते, आरएचओ स्टर्लिंग हाइट्सला, दोन्ही मिशिगन. म्हणजे दोन्ही बसतात. शेव्हरलेची सिल्व्हराडो बघणार असाल तर व्हीआयएनचा (गाडीच्या ओळख क्रमांकाचा) पहिला आकडा बघा, कारण ती तीन देशांत बनते: १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको.

आणि सिल्व्हराडोची झेडआर-२ जुनी घेण्याचा विचार कुणी डोक्यात घातला तर ६.२ लिटर व्ही-८चं रिकॉल आधी तपासा. एप्रिल २०२५मध्ये जीएमने २०२१ ते २०२४ मॉडेलच्या जवळपास सहा लाख गाड्या परत बोलावल्या, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषासाठी. व्हीआयएन टाकला की सरकारी साइटवर लगेच कळतं. गाडी म्हणून ती वाईट नाही, पुढे-मागे दोन्हीकडे लॉकिंग डिफरेन्शियल आहे, पण टायर ३३ इंची आणि तुमच्या वेगाच्या कामाला रॅप्टर-आरएचओच बऱ्या.

---

चांदावाला

तीन आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि मिसळताई, तुमचे वेगळे.

सगळ्यात आधी तोलून आलो. ट्रेलर लावला, पाचही जण बसलो, नेहमी चिरिकावाला जातो तसं सगळं सामान भरलं आणि आय-१० वरच्या ट्रक स्टॉपला गेलो. मग ट्रेलर सोडून, सगळ्यांना उतरवून रिकामी गाडी तोलली. गाडीच्या दोन्ही आसांवरच्या वजनात फरक पडला १,७६० पौंडांचा. माझ्या जुन्या गाडीच्या दारावर लिहिलंय १,६४०. म्हणजे दोन वर्षं मी माझ्या घरच्यांना बसवून १२० पौंड जास्त घेऊन डोंगर चढत-उतरत होतो.

हे वाचून मला रात्री झोप आली नाही, कारण माझं कामच हे आहे. खाणीत एकेक डंपर ३०० टन घेऊन चढ चढतो आणि त्याच्या पेलोडवर मी नजर ठेवतो. आमच्याकडे १०-१०-२० असा नियम आहे. सरासरी भार ठरलेल्या वजनाच्या वर जायचा नाही, दहा टक्क्यांहून जास्त खेपा ठरलेल्याच्या ११० टक्क्यांच्या वर नकोत, आणि १२० टक्के एकाही खेपेला ओलांडायचे नाहीत. ओलांडले तर तिथेच ओतायचं. टायर, ब्रेक आणि चेसिस वाचवण्यासाठी तो नियम आहे, उतारावर ब्रेक तापून डंपर सुटू नये म्हणून आहे. तेच माझ्या मुलांच्या गाडीला लागू होतं.

मग डीलरकडे गेलो, दोन दिवस, तीन ठिकाणी, आणि आईला बरोबर नेलं. पहिल्यांदा दार, मग बाकी सगळं. ३७ इंची रॅप्टरचं पिवळं लेबल बघून विषयच संपला. ३५ इंची दोन होत्या, एकीवर १,२७१, दुसरीवर १,३०४. आरएचओ एक होती, पायऱ्या लावलेली, तिच्यावर १,३९८.

आई रॅप्टरमध्ये चढली, पण दोनदा थांबून. आरएचओची पायरी तिला जवळ वाटली. उजवा पाय आधी, डाव्या हाताने खांबावरचा दांडा, आणि बसली. उतरताना मी हात दिला तर नको म्हणाली. तीन वेळा चढली-उतरली, मीच म्हटलं आता पुरे. घरी एक घडीचा स्टूलही आणून ठेवणार आहे, धुळवाट भाऊंनी सासूबाईंचं लिहिलं तेव्हाच ठरवलं.

दोन्ही चालवून पाहिल्या. रॅप्टरचं स्टिअरिंग मला जास्त आवडलं, ते अजूनही मनातून जात नाही. पण डीलरने परवानगी दिली म्हणून गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर आरएचओ चार मैल नेली. पन्हाळी लाटा होत्या, ४५नी गेलो, पाठीला काहीच नाही. माझ्या पाठीला दोघींतला फरक कळला नाही. खिशाला कळतो. आणि ९४ ते १२७ पौंड जास्त पेलते, म्हणजे माझी धाकटी आणि तिची पिशवी.

ट्रेलरचं बायकोशी बोललो. ती म्हणाली, वर्षातल्या पन्नास शनिवारांसाठी गाडी घ्यायची की सहा वेळच्या ट्रेलरसाठी, हे आधी ठरव. मोठा ट्रेलर विकतोय. त्याच्या जागी ३,००० पौंडांच्या आतला लहान, कच्च्या रस्त्यावर नेता येईल असा. मुलं तंबूत झोपतील, आईला आणि आम्हाला आत. हिशोब केला: जीभ ३९०, माणसं ६२०, हिच ३०, सामान १५०. एकूण १,१९०. दारावरच्या आकड्यात २०० पौंड उरतात, ते दगडांना. धाकटीने वहीत लिहून घेतलंय आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा दगडांसाठी मागितलाय.

वऱ्हाडी भाऊ, करसवलतीचं बघितलं, आमचं दोघांचं मिळून उत्पन्न मर्यादेच्या जरा वर जातं, थोडी कमी मिळेल पण मिळेल. सिल्व्हराडोच्या वाटेला गेलो नाही.

धुळवाट भाऊ, तुमचं एक बाकी आहे. कंप्रेसर घेतला, बॅटरीला लावायचा. पण ३५ इंची टायर १८ वर आणल्यावर ओढ्यातल्या वाळूत वळताना टायर रिममधून निसटायची भीती किती? आमच्याकडे वाळूखाली कालिशेचे कडक थर असतात, बाजूने घासतं. तुम्ही वाळूत वळताना वेग किती ठेवता ते सांगा.

गाडी खिडकीवरच्या किमतीपेक्षा थोडी खालीच ठरली, लेखी घेतलंय. जानेवारीच्या शेवटी येते म्हणाले. आई १२ मार्चला परत जाते. त्याआधी सॅन पेद्रोची एक फेरी तिला घेऊन करायची आहे.

---

धुळवाट

चांगली निवड केलीत. १८ फक्त खोल सरळ वाळूत ठेवा. वळणं आणि कालिशे असेल तिथे २२च्या खाली जाऊ नका, आणि वाळूत स्टिअरिंग एकदम फिरवायचं नाही, मोठा वळसा घ्यायचा, वेग ताशी १५ मैलांच्या वर नाही. थांबायचं झालं तर ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या, नाहीतर पुढच्या चाकांपुढे वाळूचा ढीग तयार होतो आणि निघताना तोच नडतो. पहिल्यांदा जाताना फावडं आणि दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली टाकायच्या फळ्या) न्या. त्यांचं वजनही वहीत लिहा, दोन्ही मिळून २५ पौंडांच्या आसपास भरेल.